शर्टाची बटणं गळ्यात

बटणांचे दागिने म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यापुढे काय येतं ते चेहऱ्यावरच दिसतं. शाळेतला कार्यानुभवाचा तास, फेविकॉलने चिकटवलेली लालपिवळी बटणं आणि मागे सेफ्टी पिन. आणि बरेचदा ते तसं दिसतंही, कारण सगळा घोळ भोकांचा असतो. बटण कितीही छान असू दे, गळ्यात आलं की ती रिकामी भोकं टकामका बघत बसतात आणि बघणाऱ्याला शर्टच आठवतो. मग लोक काय करतात, भोकांवर एक चकचकीत खडा ग्लूने चिकटवून देतात, तो पहिल्याच लग्नात पंगतीत कोणाच्या तरी वरणभातात पडतो.

माझं म्हणणं, भोकं झाकायला जाऊच नका, त्यांच्यातूनच काम करा. त्यासाठी लागतात बारीक काचमणी, हल्ली सगळे सीड बीड्स म्हणतात ते.

यांचे नंबर उलटे चालतात बरं का. 11/0 म्हणजे साधारण 2 मिमीचा मणी, 8/0 म्हणजे 3 मिमीचा, आणि 15/0 म्हणजे जेमतेम दीड मिमी, चष्मा लावल्याशिवाय हात लावू नये असा. शर्टाच्या बटणाला 11/0 घ्यायचा, 15/0 भोकातच रुतून बसतो आणि मेहनत दिसतच नाही. जपानी मणी, मियुकी आणि तोहो या कंपन्यांचे, एकसारखे असतात पण खिशाला चांगलाच चटका बसतो. चेक रिपब्लिकमधल्या याब्लोनेत्सकडचे जरा गोलसर, तेही चांगले. आणि पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत वजनावर मिळतात ते आपले नेहमीचे, त्यात एक जाडा एक बारीक, काहींची भोकं बुजलेली, ते ताटात पसरून तांदूळ निवडतात तसे निवडायचे. पण निवडून बाजूला काढलेले टाकून देऊ नका, जाडे मणी वळणावर बाहेरच्या बाजूला छान बसतात आणि चपटे कुठे अर्ध्या मण्याची फट राहिली की तिथे, मला तर कधीकधी एकसारख्या मण्यांपेक्षा हेच जास्त कामाला येतात.

फक्त रंग तपासून घ्या. गुलाबी आणि जांभळे खूपदा वरून रंगवलेले असतात, घामाने आणि सेंटने उतरतात, मग पांढऱ्या ब्लाउजच्या गळ्यावर डाग पडतो आणि बोलणी आपण खायची. नेलपेंट रिमूव्हरच्या बोळ्यात चार मणी दाबून ठेवले की लगेच कळतं.

बटणं मात्र मी शक्यतो विकत घेत नाही. आमच्याकडे आजीचा बोर्नव्हिटाचा डबा आहे, तिचा हिशेब पक्का होता, बोहारणीला द्यायचे कपडे बटणांसकट द्यायचे कारण एक जरी बटण कमी दिसलं तर बाई पातेल्यावरून सरळ वाटीवर यायची, आणि फडक्याला जाणाऱ्या कपड्यांची बटणं आधी कापून डब्यात. त्यात नळकांड्यासारखी कडी असलेली कोटाची, पितळेची, आणि खाली तळाला शिंपल्याची. शिंपल्याचं ओळखायचं कसं तर ओठाला लावून बघायचं, गार लागतं, प्लॅस्टिक लागत नाही, आणि उलटं केलं की मागे कुठेतरी शिंपल्याची खरबरीत तपकिरी बाजू राहिलेली दिसते. तेच नवीन घ्यायचं असेल तर माप लाइनमध्ये सांगायचं, 40 लाइन म्हणजे 1 इंच. शर्टाचं नेहमीचं 18 लाइन, म्हणजे साडेअकरा मिमीच्या आसपास, आणि कोटाचं 32. होलसेलवाला ग्रोसमध्ये देतो, म्हणजे 144, त्यामुळे मैत्रिणी गोळा करून जा नाहीतर पुढची पाच वर्षं एकाच रंगाचे दागिने.

आता मुख्य काम. गळ्यालगतच्या पट्टीसाठी, चिंचपेटी बसते तिथे बसणारी, मी 18 लाइनची चार भोकांची बटणं घेते. सुई खालून वर एका भोकातून काढायची, तीन मणी ओवायचे आणि समोरच्या तिरक्या भोकातून खाली. मग तिसऱ्या भोकातून वर यायचं, एकच मणी घ्यायचा, मघाच्या तिघांतल्या मधल्या मण्यातून सुई पार करायची, अजून एक मणी, आणि चौथ्या भोकातून खाली. पाच मण्यांची फुली होते, मधोमध जराशी उचललेली, आणि भोकं कुठे होती ते शोधावं लागतं. पांढऱ्या शिंपल्यावर काळ्या मण्यांची फुली बघा एकदा करून, मंगळसूत्राचे काळे मणी ज्यांना आवडतात त्यांना हे आवडणारच. पुढचं बटण आधीच्याच्या कडेवर थोडं चढवायचं आणि मागच्या बाजूने जाताना दोऱ्यात दोनतीन मणी घ्यायचे, हे कोणी सांगत नाही, पण नुसता दोरा मागे राहिला की मानेला घासतो आणि घासून घासून तिथेच तुटतो. दोरा फार ओढू नका, पट्टी पापडासारखी वळते.

दोऱ्याबद्दल माझं ठाम मत आहे. आपल्याकडे मण्यांची तोरणं आणि रुखवतातले नारळ सगळे तंगूसवर, म्हणजे मासे पकडायच्या गळाला असतो तसल्या एकसंध प्लॅस्टिकच्या दोऱ्यावर, होतात, तिथे ते ठीक आहे कारण ताठ राहायलाच हवं, पण गळ्यात तंगूस नको. तो उभा राहतो, गाठ सुटते, आणि जुना झाला की कडकन तुटतो. विणलेला बारीक नायलॉन घ्या, मेणावरून एकदा ओढून घ्या म्हणजे गुंता कमी होतो. शिवणाचा सुती दोरा तर अजिबातच नको, काचमण्याच्या कडा धारदार असतात, कापून टाकतात. पितळी बटणाच्या भोकाच्या कडा त्याहून वाईट, तिथे दोरा दोनदा फिरवायचा.

फासा वेगळा लागत नाही, शेवटचं बटणच फासा. दुसऱ्या टोकाला 11/0 च्या वीस-बावीस मण्यांचं वेटोळं करायचं, बटण आडवं करून जेमतेम आत जाईल इतकंच, सरळ सुटून आलं तर मणी कमी करा. या वेटोळ्यातून दोरा तीनदा तरी फिरवा, सगळा ताण तिथे येतो. आणि आंघोळीला काढून ठेवा, शिंपल्याची चमक साबणाने जाते.

हे बघितल्यावर लोक किंमत विचारतात आणि आकडा ऐकला की ठरलेलं वाक्य येतं, अगं बटणांचंच तर आहे. सुरुवातीला मी मणी, दोरा, वेळ असं सगळं समजावत बसायचे. आता सुई आणि एक बटण हातात देते, म्हणते एक फुली घालून दाखवा, तेवढ्याचे पैसे कमी करते. आतापर्यंत कोणाचेच कमी करावे लागले नाहीत.

श्रावणाच्या ऑर्डरी घेतेय. साडीचा फोटो पाठवू नका, फोनवर मोरपंखी निळा दिसतो आणि निळा हिरवा. ब्लाउजपीसची चिंधी आणून द्या, आणि घरात जुना बटणांचा डबा असेल तर तोही घेऊन या, तुमचीच बटणं असतील तर भाव कमी लावीन.