प्लिमथमधील १६२१ चे एक घर, १:४८ : नोंद चौथी – कूड, शाकारणी आणि शेत

गेल्या दोन महिन्यांत १:४८ प्रमाणातल्या माझ्या प्रतिकृतीतील घराच्या भिंती आणि छप्पर पूर्ण झाले असून आता परसू आणि शेताचा कोपरा एवढे काम शिल्लक आहे. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. ‘मेफ्लॉवर’ जहाजाने १६२० मध्ये १०२ इंग्रज प्रवासी आजच्या मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर उतरवले आणि त्यांनी प्लिमथ वसवले. त्या गावातील एक घर मी १६२१ च्या सुगीच्या दिवसांत दाखवतो आहे. हे वर्ष मुद्दाम निवडले आहे, कारण त्या वर्षअखेरीस तेथे राहती घरे सात आणि सामायिक वापराच्या इमारती चार एवढीच वस्ती होती, आणि निम्मी माणसे पहिल्याच हिवाळ्यात दगावली होती.

प्रतिकृतीच्या तळाच्या पाटाचे माप वसाहतीच्या जमीनवाटपावरून ठरवले. माणशी अर्धा पोल रुंद आणि तीन पोल लांब जागा दिली गेली होती. एक पोल म्हणजे साडेसोळा फूट. चौघांच्या घराला त्यानुसार ३३ फूट रुंद आणि ४९.५ फूट लांब जागा मिळते, आणि पाव इंचाला एक फूट या प्रमाणात ती सव्वाआठ इंच रुंद व सव्वाबारा इंचांहून किंचित लांब होते. घरे कमी बांधावी लागावीत म्हणून एकट्या पुरुषांना कुटुंबांमध्ये सामावून घेऊन १९ कुटुंबे केली होती. म्हणून माझ्या घरात नवरा, बायको आणि मुलगा यांच्याबरोबर एक बिनलग्नाचा पुरुष राहतो, आणि त्याच्यासाठी माळ्यावर पेंढ्याची गादी घातली आहे.

भिंतींचे काम करताना फार समाधान लाभले, कारण त्यांची रीत आपल्या कोकणातल्या कुडाहून वेगळी नाही: लाकडी चौकटीत काठ्या विणायच्या आणि त्यांवर गवत मिसळलेल्या मातीचा लेप द्यायचा. मी खराट्याच्या हिरांचे तुकडे विणले आणि शाडूत काथ्याचा भुगा मिसळून लेप दिला. पहिला लेप जाड आणि ओला होता, त्यामुळे तो वाळताना सर्वत्र तडकला. तो खरवडून तीन पातळ थर दिले तेव्हा भिंत नीट बसली. बाहेरून लावलेल्या फळ्या करवतीने न कापता पात्याने लाकडाच्या रेषेत फोडल्या आहेत, कारण तेथील फळ्याही ओंडके फोडूनच काढत असत. डिसेंबर १६२१ मध्ये ‘फॉर्च्यून’ जहाज इंग्लंडला परतले तेव्हा त्यात अशा फळ्या खच्चून भरल्या होत्या. घरे अपुरी असताना ज्या हातांनी स्वतःसाठी फळ्या फोडल्या, त्याच हातांना वसाहतीला पैसे पुरवणाऱ्या लंडनच्या व्यापाऱ्यांच्या कर्जफेडीसाठीही त्या फोडाव्या लागल्या, हे काम करताना सारखे मनात येत होते.

खिडक्यांना मी आधी पारदर्शक प्लास्टिकची तावदाने बसवली होती. ती काढून टाकली. वसाहतीतील एडवर्ड विन्स्लो यांनी १६२१ च्या डिसेंबरात लिहिलेल्या पत्रात नव्याने येणाऱ्यांना खिडक्यांसाठी कागद आणि जवसाचे तेल आणायला सांगितले आहे. पातळ कागदाला जवसाचे तेल लावून दोन दिवस वाळवले की मधाच्या रंगाची अंधूक झाक येते, आणि आत दिवा लावल्यावर घर एकदम जिवंत वाटते.

छप्पर काथ्याने शाकारले. तीन सेंटिमीटरच्या जुड्या चहाच्या पाण्यात उकळून, वळचणीपासून आढ्याकडे एकावर एक चढवत गेलो. धुराडे विटांचे न करता लाकूड आणि मातीचे केले आहे, त्यामुळे ठिणगीची भीती प्रतिकृतीतही दिसते. ती भीती खरी होती: जानेवारी १६२१ मध्ये ठिणगी पडून सामायिक घराचे गवत पेटले होते, आणि १६२७ मध्ये गवताऐवजी फळ्यांची छपरे करण्याचा नियम झाला. त्या सालानंतरचे घर करणाऱ्यांनी काथ्या वापरू नये.

शेतात झाडांचे बुंधे दाखवू नयेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ही जमीन पाटुक्सेट गावच्या लोकांनी आधीच साफ करून पिकवलेली होती. १६१६ ते १६१९ च्या साथीत ते गाव ओस पडले. त्याच गावचा टिस्क्वांटम याने वसाहतकऱ्यांना मासे खत म्हणून घालून मका लावायला शिकवले. त्या वर्षी सुमारे २० एकर मका चांगला आला, जव बेताचा झाला आणि वाटाणा फुलोऱ्यातच उन्हाने करपला. म्हणून माझ्या कोपऱ्यात मक्याची रोपे सरळ रेघेत न ठेवता मातीच्या छोट्या उंचवट्यांवर ठेवली आहेत, आणि कडेला करपलेल्या वाटाण्याची एक ओळ आहे.

माणसांचे रंगकाम सुरू आहे. या लोकांच्या चित्रांत नेहमी दिसणारे काळे कपडे आणि बकलाच्या टोप्या मी टाळल्या आहेत. वसाहतीतील धार्मिक वडीलधारे विल्यम ब्रूस्टर १६४४ मध्ये वारले तेव्हा त्यांच्या वस्तूंच्या यादीत जांभळा कोट होता. पुरुषासाठी विटकरी आणि निळा, स्त्रीसाठी फिका हिरवा रंग ठरवला आहे. सुगीपर्यंत प्रौढ स्त्रिया चारच उरल्या होत्या आणि खाणारी तोंडे पन्नासच्या आसपास होती. म्हणून चुलीपाशी एकच स्त्री बसवली असून तिच्यापुढचे लोखंडी भांडे घराच्या मानाने मोठे केले आहे. त्या भांड्याचा गंज रंगात अजून मनासारखा उतरलेला नाही, तेव्हा पुढच्या नोंदीत आधी त्याचाच हिशेब देईन.