नळीतली पहिली प्रतिमा

कांद्याचा पापुद्रा आपल्या शाळेच्या प्रत्येक तुकडीने सूक्ष्मदर्शीतून पाहिला आहे आणि किरणाकृतीही वहीत काढली आहे. पण त्या आकृतीतली पहिली प्रतिमा नळीत खरोखर तयार होते, हे फार थोड्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आत्ताच्या मुलांसाठी तेच लिहितो.

वर्तमानपत्रातलं बारीक ‘अ’ दहापटीच्या पदार्थ भिंगाखाली (स्लाइडजवळच्या भिंगाखाली) फोकस करा आणि नेत्रिका, म्हणजे डोळ्याजवळचं भिंग, उचलून काढा. नळीच्या तोंडावर ट्रेसिंग पेपर धरा, खोलीत अंधार करा, आरशावर टॉर्च मारा. बारीक स्क्रू किंचित फिरवला की कागदावर उलटं ‘अ’ उमटतं. अक्षर भिंगाच्या नाभीच्या जरासं बाहेर असतं, म्हणून प्रतिमा वास्तव, मोठी आणि उलटी. नेत्रिका म्हणजे या प्रतिमेवर धरलेलं साधं भिंग. ती तिला आणखी मोठी करते, सुलटी करत नाही. स्लाइड डावीकडे सरकवली की चित्र उजवीकडे पळतं ते यामुळेच.

अंधूक दिसलं की मुलं पंधरापटीची नेत्रिका लावतात. त्याने अंधूकपणाच मोठा होतो. पंचेचाळीसपटीच्या भिंगावर बहुधा 0.65 हा आकडा कोरलेला असतो. भिंग किती रुंद शंकूतला प्रकाश गोळा करतं, याचं ते माप. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट अबे यांनी 1873 साली दाखवलं की बारकावे किती सुटे दिसतील हे या मापावर आणि प्रकाशाच्या तरंगलांबीवर ठरतं. हिरव्या प्रकाशात या भिंगाची मर्यादा साधारण अर्धा मायक्रॉन (मिलिमीटरचा दोन हजारावा भाग). त्याहून जवळचे दोन ठिपके कोणतीही नेत्रिका वेगळे करणार नाही.

आयरिस, म्हणजे स्लाइडखालची प्रकाश कमी-जास्त करणारी झडप, फार मिटली तर हा शंकू अरुंद होतो: कडा ठसठशीत, बारकावे गायब. पूर्ण उघडी ठेवली तर पारदर्शक पेशी प्रकाशात विरून जातात. नेत्रिका काढून नळीत डोकावा; तळाशी दिसणारी प्रकाशाची चकती दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश भरेल इतकीच आयरिस उघडा. माझ्या मते शाळेत सर्वांत आधी हेच शिकवायला हवं.

आणि दहापटीत स्पष्ट दिसणारी स्लाइड पंचेचाळीसपटीत काही केल्या फोकस होत नसेल, तर ती उपडी लागली आहे का ते पाहा. या भिंगाला वस्तू जेमतेम अर्ध्या मिलिमीटरवर लागते. स्लाइडची काच एक मिलिमीटरहून जाड, त्यामुळे फोकस होण्याआधीच भिंग काचेवर टेकतं.