तुम्ही विचारलंत म्हणून: सिबेलियस कुठून ऐकायला घेऊ?

हेलसिंकीत नवीन आलेली आपली मंडळी पहिल्या महिन्याभरात फिनलंडचा संगीतकार सिबेलियस याच्या स्मारकापाशी जाऊन फोटो काढतात. सहाशेहून जास्त पोलादी नळ्यांचं ते शिल्प एइला हिल्टुनेन यांचं, १९६७ सालचं. फोटो घरच्या ग्रुपवर जातो आणि मग मला विचारणा होते: "ताई, या माणसाचं नेमकं काय ऐकायचं? सुरुवातीला एखादी रेकॉर्ड सांगा ना." मी हेलसिंकीशेजारच्या एस्पो शहराच्या तापिओला भागात राहते आणि सिबेलियसच्या शेवटच्या मोठ्या रचनेचं नावही 'तापिओला'च आहे. तापिओ म्हणजे फिनिश पुराणातला वनदेव आणि तापिओला त्याचं राज्य.

एकच रेकॉर्ड सांगते. संगीत-संचालक (कंडक्टर) हर्बर्ट फॉन कारायान आणि बर्लिन फिलहार्मोनिक हा ऑर्केस्ट्रा यांनी १९६०च्या दशकात डॉइच ग्रामोफोन या रेकॉर्ड कंपनीसाठी केलेली. तिच्यात चार रचना आहेत: 'फिनलांडिया', 'व्हाल्स त्रिस्त', 'तुओनेलाचा हंस' आणि 'तापिओला'. कारायाननी याच चार रचना १९८४ मध्ये पुन्हा ध्वनिमुद्रित केल्या, त्यामुळे घेताना साल बघून घ्या. मला जुनी जास्त आवडते. तिच्यातली व्हायोलिनं इतकी हळू वाजू शकतात की आवाज कुठून सुरू झाला ते कळत नाही.

मात्र सुरुवात 'फिनलांडिया'ने करू नका. मी केली होती, आणि त्यात माझे सहा महिने गेले. इथल्या वाचनालयात पुस्तकांसारख्या सीडीही घरी न्यायला मिळतात. तिथून आणली, लावली आणि पहिल्याच क्षणी पितळी वाद्यांची ती गुरगुर अंगावर आली. छाती पुढे काढून उभं राहायला लावणारं संगीत. मी ते आदराने ऐकलं आणि सीडी परत करून आले. 'फिनलांडिया' वाईट नाही, पण तिच्यामागचा प्रसंग माहीत नसेल तर तो आवेश उपरा वाटतो. तेव्हा फिनलंड रशियाच्या झारच्या ताब्यात होतं. फेब्रुवारी १८९९ मध्ये दुसऱ्या निकोलसने जाहीरनामा काढून इथल्या स्वायत्ततेवर घाला घातला, वृत्तपत्रांची गळचेपी वाढली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वृत्तपत्रांच्या मदतीसाठी म्हणून हेलसिंकीत कार्यक्रम झाले आणि त्यांतल्या ऐतिहासिक देखाव्यांच्या शेवटच्या प्रवेशासाठी सिबेलियसने हे संगीत लिहिलं. हे डोक्यात ठेवून ऐकलं की मधली प्रार्थनेसारखी चाल घशात अडकते. ते नंतर.

सुरुवात हंसापासून करा.

तुओनेला म्हणजे मृतांचा प्रदेश. त्याच्याभोवती काळ्या पाण्याची वेगवान नदी आहे आणि तिच्यावर एक हंस गात फिरतो. 'कालेवाला' या फिनिश महाकाव्याच्या जगातला हा प्रदेश. सिबेलियसने हे संगीत मुळात एका ऑपेराच्या सुरुवातीसाठी योजलं होतं. ऑपेरा राहूनच गेला, हंस उरला आणि 'लेम्मिन्काइनेन' या ऑर्केस्ट्रासाठीच्या मालिकेत गेला. साधारण नऊ मिनिटांची रचना. ऑर्केस्ट्रात बासरी नाही, ट्रम्पेट नाही, म्हणजे उजेडाची वाद्यं काढूनच टाकलीत. व्हायोलिन-चेलोंचे अनेक गट पाडलेत, त्यांचे आवाज दबते ठेवलेत. सुरुवातीला एकच स्वरमेळ खालच्या वाद्यांकडून वरच्यांकडे सरकत जातो, धुकं चढावं तसा. आणि मग त्यावर एक वाद्य एकटं गायला लागतं: कॉर आंग्ले, ज्याला इंग्लिश हॉर्न असंही म्हणतात. ओबो या फुंकवाद्याचा थोरला, खालच्या आवाजाचा भाऊ.

एका जुलैत आई सांगलीहून आली होती. इथे उन्हाळ्यात बाजारचौकात मटाराच्या शेंगा लिटरच्या मापाने मिळतात आणि लोक त्या चालता चालता कच्च्याच खातात. आईला ते पटलं नाही, तिने दोन लिटर शेंगा घरी आणून सोलायला घेतल्या. मी हंस लावला. ती शेंगा सोलत होती, दाणे पातेल्यात टपटपत होते. कॉर आंग्ले सुरू झालं आणि टपटप थांबली. थोड्या वेळाने म्हणाली, "सनईच्या घरातलं दिसतंय हे." आईने तोवर एकही सिंफनी, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीची अनेक भागांची मोठी रचना, ऐकलेली नव्हती, आणि तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं. सनईसारखीच या वाद्यालाही दुहेरी जिव्हाळी असते, दोन पात्यांमधून फुंकर थरथरत जाते. पुढे म्हणाली, "पण ही लग्नातली नाही. पहाटे देवळात वाजते ना, तशी."

तेव्हापासून मी सगळ्यांना हंसापासूनच सुरुवात करायला सांगते. आपल्या कानाला एका आवाजामागे जायची सवय आहे. खाली काहीतरी धरून ठेवलेलं असावं, वर एकाने सावकाश बोलावं, घाई नसावी, एवढं मिळालं की आपण बसतो. पाश्चात्य ऑर्केस्ट्रा पहिल्यांदा ऐकताना नेमकं इथेच बिनसतं. एका वेळी दहा जण बोलतात, कोणाचं ऐकायचं कळत नाही. हंसात ती अडचण नाही. कॉर आंग्लेचं बोट धरून नऊ मिनिटं चाला. त्याला मधूनमधून एकटा चेलो उत्तर देतो, आणि शेवटी चेलोच वर चढत जाऊन विरतो. दुसऱ्यांदा ऐकाल तेव्हा खालच्या बास ड्रमचा घुमारा आपोआप कानावर येईल.

'व्हाल्स त्रिस्त' सोपी आहे, पाच-सहा मिनिटांची. मरणाला टेकलेली आई भ्रमात पाहुण्यांबरोबर नाचते आणि शेवटी दारात मृत्यू उभा राहतो, अशा नाटकातल्या प्रवेशाचं संगीत. सिबेलियसने ती किरकोळ रकमेला कायमची विकून टाकली. नंतर ती जगभर वाजली, पण तो पैसा त्याच्या घरी आला नाही. याची मला दर वेळी चुटपुट लागते.

'तापिओला'साठी मात्र वेगळा दिवस ठेवा. वीसेक मिनिटं, फोन दुसऱ्या खोलीत. न्यूयॉर्कचे कंडक्टर वॉल्टर डॅमरॉश यांनी ही रचना मागवली होती आणि डिसेंबर १९२६ मध्ये तिथेच ती पहिल्यांदा वाजली. सुरुवातीला दोन-चार स्वरांच्या परिसरात फिरणारा एक छोटा वाक्यांश येतो आणि पुढचं जवळजवळ सगळं त्यातूनच निघतं. आपल्याकडे बढत म्हणतात तिचा रस्ता वेगळा आहे हे मला माहीत आहे, तरी थोडक्यातून इतकं काढणं ज्याला आवडतं त्याला इथे घरच्यासारखं वाटेल. गाण्याजोगी चाल शोधू नका, ती नाही. जंगल आहे, माणूस नाही. शेवटाकडे वाऱ्याचं वादळ उठतं, तेव्हा व्हायोलिनं अर्ध्या-अर्ध्या स्वराने सरपटत वर चढतात आणि माझ्या हाताला अजूनही घाम येतो.

यानंतर हा माणूस आणखी तीस वर्षं जगला आणि एकही मोठी रचना त्याने बाहेर येऊ दिली नाही. हेलसिंकीच्या उत्तरेला यार्वेनपा गावाजवळ आइनोला हे त्याचं घर आहे, उन्हाळ्यात बघायला मिळतं. काम करताना आवाज नको म्हणून त्याच्या हयातीत घरात पाण्याचे नळ येऊ दिले नव्हते. १९४०च्या दशकात एक दिवस त्याने कपड्यांच्या टोपलीत हस्तलिखितं गोळा केली आणि जेवणघरातल्या शेकोटीत घातली. हे त्याच्या बायकोने, आइनोने, पुढे सांगितलं आहे. आठवी सिंफनीही तेव्हाच गेली असं मानतात. त्या खोलीतली हिरवी शेकोटी पाहून मी बराच वेळ बाहेर झाडांखाली बसले होते. त्याची आणि आइनोची समाधी तिथेच बागेत आहे.

चारही रचना ऐकून झाल्या आणि आणखी हवंसं वाटलं, तर पाचवी सिंफनी घ्या. एप्रिल १९१५ मध्ये त्याने घराजवळ सोळा हंस उडताना पाहिले आणि त्याच दिवशी डायरीत ते टिपून ठेवलं. तुओनेलाचा हंस मृत्यूच्या नदीवरचा, हे जिवंत, डोक्यावरून गेलेले. सिंफनीच्या शेवटच्या भागात हॉर्न झुलत झुलत वर येतात, तिथे ते हंस आहेत. अगदी शेवटी सहा आघात आहेत आणि प्रत्येक दोन आघातांमध्ये शांतता. पहिल्या आघातानंतरच संपलं असं वाटेल. बंद करू नका, सहा मोजा.