तुम्ही विचारलंत म्हणून: बोलून काय होतंय?

"बोलून काय होतंय? शेवटी एकाचंच खरं ठरणार न्हवं?" मी मध्यस्थ म्हणून बसतो त्या बैठकीत हा प्रश्न पक्षकारांपेक्षा त्यांच्याबरोबर आलेले पाहुणेच जास्त विचारतात. १८ ऑगस्ट २०२५ला कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, तेव्हापासून तर हमखास: आता मुंबईची वारी चुकली, मग बोलत कशाला बसायचं? बेंच हवंच होतं. पण कोर्टापुढं कागद जातो, आणि रात्री दोन वाजता विहिरीवर कोण जातं हे कागदावर नसतं.

दोन भावांची विहीर घ्या. ओळख पटू नये म्हणून खुणा बदलल्या आहेत. सातबाऱ्यावर इतर हक्कात निम्मा-निम्मा हिस्सा. मोटर एकच, पाच एचपीची. वीज आठ तास. थोरल्याचे चार आधी, धाकट्याचे चार नंतर. थोरला म्हणतो, "तास मोजून देतोय." खरं आहे. धाकटा म्हणतो, "माझ्या उसाला पाणी पुरत नाही." तेही खरं आहे. उन्हाळ्यात पाझर कमी. पहिल्याला भरलेली विहीर मिळते, दुसऱ्याची मोटर दोन-अडीच तासांत हवा ओढायला लागते. वीज रात्रीची असली की पहाटेचं जागरणही धाकट्यालाच. तास सारखे, पाणी सारखं नाही, झोपही नाही.

हे बाहेर काढायची रीत साधी, पण चिकाटीची. पाहुण्यांना बाहेर बसवायचं. एकानं दहा मिनिटं सलग बोलायचं, दुसऱ्यानं हवं तर लिहून घ्यायचं. मग उत्तराआधी त्यानं समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडानं सांगायचं. समोरचा "हां, हेच" म्हणेपर्यंत पुढं जायचं नाही. मध्ये "पण" आला की पुन्हा पहिल्यापासून. नक्कल केल्यासारखा सूर लागला तर बैठक तिथंच थांबवलेली बरी.

धाकटा म्हणाला, "दादानं मला गडी ठरवलाय." थोरल्यानं सांगितलं, "त्याला रात्रीच्या पाण्याचा त्रास होतोय." ते मी चालवून घेतलं. धाकट्याच्या हातात वही होती. पाळ्यांच्या तारखा पेन्सिलीनं मांडलेल्या, रात्रीच्या प्रत्येक तारखेभोवती गोल. ती मिटून तो उठला. दारातून वळून म्हणाला, "मी त्रास म्हटलंच नाही, दादा." पुढच्या दोन तारखांना तो आला नाही.

चूक माझी. मध्यस्थाच्या ४० तासांच्या प्रशिक्षणात बोचरं वाक्य मऊ करून पुढं पोचवायला शिकवतात, आणि तसंच करा म्हणून मीही इतरांना सांगत आलोय. ते शिकवणं चुकीचं नाही; त्यानं हाणामाऱ्या टळतात. पण इथं तो शब्द हीच तक्रार होती. शब्द गेला, तशी तक्रारही गेली.

तिसऱ्या तारखेला पुन्हा तीच जागा. इथलं बोलणं कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही, हे थोरल्याला दोनदा सांगावं लागलं. मग खाली बघत तो म्हणाला, "मी याला गडी ठरवला, असं याचं म्हणणं आहे."

"हां. हेच."

"पण मी ठरवलेला नाही."

हेही धाकट्याकडून म्हणवून घेतलं. त्याला जड गेलं, पण म्हणाला. त्यानंतर पहिल्यांदा पाण्यावर बोलणं झालं. आठवड्याआड आधीची पाळी बदलायची. उन्हाळ्यात तास मोजायचे नाहीत. विहिरीच्या बांधकामावर रंगाची रेघ मारायची, पाणी रेघेला उतरलं की पहिल्यानं स्टार्टर बंद करायचा.

मग भांडण मिटलं का? नाही. वाटणीचा दावा चालूच आहे. 'गडी' या शब्दावर दोघांचं अजून जुळलेलं नाही. आणि कुणाचा शब्द मऊ करावा, कुणाचा तसाच ठेवावा, यावर माझंही माझ्याशी जुळलेलं नाही. शिवीगाळ असेल तिथं मी आजही मऊच करतो.