समासात लिहिलेले नाव

मेजर लीग बेसबॉलच्या ऑल-स्टार सामन्याचा, म्हणजे अमेरिकन आणि नॅशनल या दोन लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या वार्षिक सामन्याचा, एक नियम मला कित्येक वर्षे खटकत होता. तीस संघांपैकी प्रत्येक संघाचा किमान एक खेळाडू या सामन्यासाठी निवडला गेलाच पाहिजे, मग तो संघ तक्त्याच्या तळाशी का असेना, असा तो नियम. ज्या खेळाडूंनी खरोखर चमकदार कामगिरी केली आहे त्यांच्यापैकी कोणीतरी केवळ या वाटणीपायी घरी बसतो आणि त्याच्या जागी एखाद्या हरलेल्या संघाचा त्यातल्या त्यात बरा खेळाडू येतो, हे मला सरळसरळ अन्यायाचे वाटे. 2002 मध्ये मिलवॉकीतला सामना अकराव्या इनिंगनंतर 7-7 असा बरोबरीत थांबवावा लागला. त्यानंतर 2003 पासून 2016 पर्यंत याच सामन्याच्या निकालावर वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या अजिंक्यपदाच्या मालिकेत, घरच्या मैदानाचा फायदा कोणत्या लीगच्या संघाला मिळणार हे ठरत असे. त्या काळात तर माझा आक्षेप अधिकच तीव्र झाला होता. एवढे मोठे माप ज्या सामन्याच्या पदरात घातले आहे, त्यात सर्वोत्तम खेळाडूच हवेत, यावर दुमत कसे असू शकते, असे मी म्हणत असे.

2023 च्या जुलैमध्ये हा सोहळा सिॲटलला, म्हणजे माझ्याच संघाच्या घरी, आला आणि माझे मत तिथे बदलले. ते कसे बदलले, एवढेच मला इथे लिहायचे आहे.

सोहळा म्हणजे केवळ मंगळवारचा सामना नव्हे. शनिवारी उगवत्या खेळाडूंचा फ्युचर्स गेम झाला आणि रविवारी शेजारच्या लुमेन फील्डवर ड्राफ्ट, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम, झाला. तिथे लुइझियाना स्टेट विद्यापीठाचे पॉल स्कीन्स आणि डिलन क्रूझ हे एकाच संघातले दोघे पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकावर निवडले गेले, जे त्यापूर्वी कधीही घडले नव्हते. या दोन दिवसांविषयी मी जास्त लिहीत नाही. त्या दिवसांची माझ्या मनात राहिलेली आठवण खेळाची नाही, टोप्यांची आहे. एरवी लाइट रेलच्या स्टेडियम स्थानकावर उतरणाऱ्या गर्दीत आमच्या मरिनर्सच्या टोप्या आणि पाहुण्या संघाच्या थोड्या टोप्या, असे दोनच रंग दिसतात. त्या चार दिवसांत मात्र पिट्सबर्गची पिवळी-काळी टोपी, ओकलंडची हिरवी-पिवळी टोपी आणि मायामीची निळसर काळी टोपी एकाच डब्यात, एकाच दांड्याला धरून उभी असे, आणि ज्यांचे संघ एप्रिलपासून हरत आले होते ती माणसेही ताठ मानेने आली होती.

सोमवारच्या होम रन डर्बीला, म्हणजे ठरावीक वेळात चेंडू कुंपणापार मारण्याच्या स्पर्धेला, मात्र मी थोडी जास्त जागा देणार आहे. आमचा हुलिओ रॉड्रिगेझ पहिल्या फेरीत उतरला तेव्हा टी-मोबाइल पार्कचे छत उघडे होते आणि जुलैतल्या त्या लांबलेल्या संध्याकाळचे ऊन अजून मैदानावर होते. त्याने त्या एका फेरीत 41 होम रन मारले, जो डर्बीच्या एका फेरीतला विक्रम ठरला. आकडा दूरदर्शनवरही कळतो, पण मैदानात बसल्यावर जे कळते ते कानांना कळते. नेहमीच्या सामन्यात दोन फटक्यांच्या मधे बराच अवकाश असतो, माणूस बोलतो, पाणी पितो, चेंडू टाकणाऱ्या पिचरकडे बघतो. इथे पहिला चेंडू अजून हवेत असतानाच दुसऱ्याचा टणत्कार ऐकू येत होता, आणि तो बॅटच्या मधोमध बसला आहे की टोकाला, हे पहिल्या मिनिटानंतर डोळे मिटूनही सांगता येऊ लागले. तिसऱ्या मिनिटाला लोक ओरडत नव्हते, तर एका सुरात गुंजत होते, असे मला वाटले.

पण उपांत्य फेरीत तोच हुलिओ 20 वर थांबला आणि टोरोंटोच्या व्लादिमिर गेरेरो ज्युनिअरने 21 मारून त्याला मागे टाकले. पहिल्या फेरीत त्याने सांडलेला घाम दुसऱ्या फेरीत त्याच्या खांद्यांवर उतरलेला दिसत होता, बॅट किंचित उशिरा येत होती आणि चेंडू कुंपणाच्या अलीकडे पडत होते. पुढच्या वर्षापासून केवळ घड्याळावर भर न ठेवता चेंडूंच्या संख्येवर मर्यादा घालण्यात आली, आणि हुलिओचे ते खांदे पाहिल्यामुळे मला तो बदल पूर्णपणे योग्य वाटतो. अंतिम फेरीत गेरेरोने टँपा बेच्या रँडी अरोझारेनाला 25-23 असे हरवले. त्याच्या वडिलांनी 2007 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत हीच डर्बी जिंकली होती. पिता-पुत्र दोघांनीही ती जिंकल्याचे हे पहिलेच उदाहरण. हरलेला अरोझारेना दुसऱ्याच वर्षी आमच्या संघात आला, हे आज आठवले की त्या रात्री त्याच्याविरुद्ध टाळ्या वाजवणारे माझे हात मला अवघडल्यासारखे वाटतात.

मंगळवारी, 11 जुलैला, मी सामन्याला आले ती स्कोअरकार्ड आणि दोन पेन्सिली घेऊन. गेली अनेक वर्षे मी प्रत्येक सामना हाताने नोंदवते. ऑल-स्टार सामना नोंदवणे फार कठीण असते, कारण दोन-तीन इनिंगनंतर खेळाडू बदलू लागतात आणि एका बॅटरसाठी आखलेल्या चौकटीत तीन-तीन नावे कोंबावी लागतात. त्यातून त्या वर्षी सर्व खेळाडू आपापल्या संघाच्या गणवेशाऐवजी लीगच्या एकसारख्या गणवेशात होते. ही पद्धत मला मुळीच आवडली नाही. 2025 च्या सामन्यात ज्याचा त्याचा गणवेश परत आला, ते फार चांगले झाले. त्या रात्री माणूस ओळखायचा तो टोपीवरून.

माझ्या उजव्या हाताला कोलोराडो रॉकीजची जांभळी टोपी घातलेले एक वृद्ध गृहस्थ बसले होते. आमच्या संपूर्ण स्टँडमध्ये मला दुसरी जांभळी टोपी दिसली नाही. रॉकीज त्यांच्या विभागात शेवटच्या स्थानावर होते आणि त्यांचा निवडला गेलेला खेळाडू एकच होता, बत्तीस वर्षांचा राखीव कॅचर एलियास दियाझ, जो आयुष्यात प्रथमच या सामन्याला आला होता. खेळाडूंची ओळख करून देताना प्रतिस्पर्धी ह्यूस्टनच्या नावांना आमच्या लोकांनी हुर्यो केली, जपानी तारा शोहेई ओतानीच्या नावावर मैदान दणाणले, आणि दियाझचे नाव आले तेव्हा त्या गृहस्थांनी उभे राहून एकट्यानेच टाळ्या वाजवल्या. ओकलंडच्या ब्रेंट रूकरसाठीही असेच कुठेतरी दूर काही हिरव्या टोप्या उठल्या. तोही आपल्या संघाचा एकटाच होता. मी शेजारच्या त्या गृहस्थांना अगदी प्रामाणिकपणे विचारले, "या नियमामुळे तुमचा खेळाडू आला, हे तुम्हाला पटते का?" ते म्हणाले, "आमच्याकडे ऑक्टोबर नसतो. आमच्याकडे ही एक संध्याकाळ असते." ऑक्टोबर म्हणजे अजिंक्यपदाच्या सामन्यांचा महिना. मी त्यावर काही बोलले नाही, पण मला ते उत्तर तेव्हा पुरेसे वाटले नव्हते.

सामना सुरू झाला तोच दोन अप्रतिम झेलांनी. पहिल्याच इनिंगमध्ये राइट फील्डमध्ये अदोलिस गार्सियाने रोनाल्ड अकुन्याचा आणि लगेच लेफ्ट फील्डमध्ये अरोझारेनाने फ्रेडी फ्रीमनचा फटका कुंपणाजवळ झेपावून टिपला. निकालाला किंमत नसलेल्या सामन्यात कोणी मनापासून खेळत नाही, असे म्हणणाऱ्यांनी ते दोन झेल पाहायला हवेत. ओतानी बॅटिंगला आला तेव्हा सुमारे 47 हजार लोकांनी "कम टू सिॲटल"चा घोष केला. त्याचा करार त्या हंगामाअखेर संपणार होता आणि ती विनवणी अगदी मनापासून होती. माझ्या नोंदीत मात्र त्याच्यापुढे कोरडेपणाने लागायची तीच चिन्हे लागली.

आठव्या इनिंगला अमेरिकन लीग 2-1 अशी पुढे होती. 2013 पासून अमेरिकन लीगने सलग नऊ सामने जिंकले होते आणि दहावाही जिंकणार, असे धरूनच लोक चालले होते, कारण पिचिंगला बाल्टिमोरचा फेलिक्स बाउतिस्ता होता, सहा फूट आठ इंचांचा माणूस, ज्याचा चेंडू ताशी शंभर मैलांच्या आसपास येतो. निक कास्तेयानोस चार बॉल, म्हणजे चार चुकीचे चेंडू, मिळाल्यामुळे पहिल्या बेसवर गेला. मग दियाझ आला. माझ्या कार्डावर त्या जागेच्या चौकटीत आता पेन्सिलीचे टोकही मावत नव्हते, म्हणून मी त्याचे नाव डाव्या समासात, उभे, घाईघाईने लिहिले. ते लिहून मान वर करते न करते तोच तो आवाज आला, आदल्या रात्री कानांनी शिकवलेला, मधोमध बसलेल्या बॅटचा. चेंडू लेफ्ट फील्डच्या प्रेक्षकांत जाऊन पडला. दोन धावा, नॅशनल लीग 3-2.

शेजारचे गृहस्थ ओरडले नाहीत. त्यांनी टोपी काढली, आत काहीतरी शोधत असल्यासारखे तिच्यात पाहिले आणि पुन्हा डोक्यावर घातली.

नवव्या इनिंगमध्ये क्रेग किम्ब्रेलने दोन जण बाद झाल्यावर काइल टकर आणि आमचा हुलिओ या दोघांनाही चार बॉल दिले, तेव्हा माझ्या अमेरिकन लीगसाठी मी उभी राहिले. पण जोस रामिरेझ स्ट्राइक आउट होऊन बाद झाला, मी त्याच्या चौकटीत त्याची खूण म्हणून शेवटचा के लिहिला, आणि 2012 नंतर प्रथमच नॅशनल लीग जिंकली. सर्वोत्तम खेळाडूचा मान दियाझला मिळाला. रॉकीजच्या कोणाही खेळाडूला तो त्याआधी मिळाला नव्हता. माझ्या मनासारखी निवड झाली असती, तर हा माणूस त्या रात्री कोलोराडोत घरी बसून सामना पाहत असता.

लोक उठू लागले तेव्हा त्या गृहस्थांनी माझे कार्ड पाहायला मागितले. समासातले नाव त्यांनी बोट ठेवून वाचले. मग म्हणाले, "तुमची पेन्सिल जरा देता का?" आणि दियाझच्या स्पेलिंगमधल्या 'आय' या अक्षरावरची जी तिरकी खूण माझ्याकडून घाईत राहून गेली होती, ती त्यांनी सावकाश काढली.