नेरुळच्या काकांची गिटार

चाळिशीत गिटार शिकायचं ठरवलं, तेव्हा नौपाड्यातल्या आमच्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "अनोळखी कंपनीची स्वस्तातली नवी घेऊ नका. तेवढ्याच पैशांत चांगल्या कंपनीची जुनी मिळते." त्यांनी यामाहाची एफ 310 सुचवली. तिचा वरचा तक्ता पातळ थर चिकटवून केलेला असतो. अखंड लाकडाइतका तो घुमत नाही, पण आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत फुगतोही कमी. मला तेवढं पुरे होतं. मग रोज रात्री जेवणं आटोपली की मोबाईलवर ठाणे-नवी मुंबईच्या जाहिराती चाळत बसायचे.

पहिला विक्रेता म्हणाला, सैन्यात आहे, बदली झाली आहे, दोन हजार टोकन पाठवा, गिटार कुरियरने येईल. न मागता ओळखपत्राचा फोटोही धाडला. मी म्हटलं, व्हिडिओ कॉलवर दाखवा. तर कधी नेटवर्क नाही, कधी ड्युटी. तो गिटारचा फोटो गूगल लेन्सवर टाकला आणि दुसऱ्याच शहरातल्या जुन्या जाहिरातीत तो जसाच्या तसा सापडला. नंबर ब्लॉक केला. कुणाचे पैसे गेलेच असतील तर त्याच क्षणी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. उशीर झाला की रक्कम अडवणं अवघड होतं. मी मात्र तेव्हाच ठरवलं, हातात घेऊन वाजवल्याशिवाय रुपयाही द्यायचा नाही.

दुसरी गिटार घोडबंदर रोडला होती. भावाला सोबत घेऊन गेले. फोटोत होती तशीच, चकचकीत, एक ओरखडा नाही. घेण्याच्या बेतात होते, पण सरांनी सांगितलेलं आठवलं आणि पर्समधलं टीएमटी बसचं तिकीट ब्रिजच्या, म्हणजे खोक्यावर तारा जिथे अडकवतात त्या चिकटवलेल्या लाकडी पट्टीच्या, मागच्या कडेला लावून पाहिलं. तिकीट अलगद आत सरकलं! सहा स्टीलच्या तारा मिळून सत्तरएक किलोच्या ताणाने ब्रिज ओढत असतात. गिटार उन्हात तापलेल्या गाडीत राहिली की डिंक सैल पडतो आणि ब्रिज मागून उचलायला लागतो. समोरून काढलेल्या फोटोत हे दिसणं शक्यच नाही. त्या मुलाला दाखवलं, तर त्यालाही माहीत नव्हतं. राग आला नाही, पण गिटार घेतली नाही.

पुढच्या रविवारी ठाण्याहून ट्रान्स हार्बरने नेरुळला गेले. दार एका काकांनी उघडलं. "अगं, आधी बस तरी. पाणी घे." मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला, तेव्हापासून चार वर्षं गिटार कपाटावर होती. तारा गंजलेल्या, बोटं काळी झाली. तिकीट काढलं, या वेळी ब्रिजखाली कुठेच शिरलं नाही. मग सहावी, म्हणजे सर्वात जाड, तार पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे गळ्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) आणि गळा जिथे खोक्याला जुळतो तिथे चौदाव्यावर दाबली. अशी ताणलेली तार म्हणजे फूटपट्टीच. मधे, सातव्या फ्रेटपाशी, एका व्हिजिटिंग कार्डाएवढी फट हवी. इथे थोडी जास्त होती. म्हणजे गळा जरासा पुढे वाकला होता, पण ट्रस रॉड, म्हणजे गळ्याच्या आतली धातूची सळई, फिरत असला की ते सुधारतं. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची कंपासपेटीतल्या पट्टीने मोजली, साडेतीन मिलिमीटर. अडीचच्या आसपास हवी. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो, त्यामुळे तिथे एक मिलिमीटर उतरवायची तर सॅडल, म्हणजे ब्रिजवरची तारा टेकतात ती पट्टी, दोन मिलिमीटर घासावा लागतो. सॅडल पुरेसा वर होता, म्हणून जीव भांड्यात पडला.

"काका, सगळे फ्रेट एकेक करून वाजवून बघू का? वेळ लागेल."

"वाजव की. घरात आवाज झाला तर बरंच आहे."

वीस फ्रेट, सहा तारा. काकांनी चहा टाकला. वाजवता वाजवता पहिल्या तीन फ्रेटवर, बारीक तारांच्या खाली, नखाला लागतील अशा चरा जाणवल्या. पुढे सगळं गुळगुळीत. मुलाने किती वेळा सी, जी, डी हे कॉर्ड धरले असतील, ते त्या चरांमध्येच दिसत होतं. चरा खोल नव्हत्या, आवाज खरखरत नव्हता.

काका सहा हजार म्हणत होते. नव्या तारा आणि गिटार नीट लावून घेण्याचा खर्च समजावून सांगितला, तर पाच हजार दोनशेवर तेच उतरले. फार घासाघीस करावीशी वाटलीच नाही. पैसे समोर बसून यूपीआयने दिले. निघताना त्यांनी कव्हरची चेन स्वतः लावली आणि विचारलं, "वाजवणार आहेस ना?"

ठाण्यातल्या दुरुस्तीवाल्याने ट्रस रॉड पाव फेरी आवळला, सॅडल घासला, नव्या तारा घातल्या. अकराशे रुपये झाले. आता बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर आणि तिथलाच हार्मोनिक, म्हणजे तारेला नुसतं बोट टेकवून निघणारा स्वर, ट्यूनरवर एकाच जागी येतात, म्हणजे सूर जुळलेला आहे.

महिन्याभराने सी, जी, डीचं एक मिनिट रेकॉर्ड करून काकांना पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला: मुलाला ऐकवलं. तो विचारतोय, तिसरी खुंटी अजून सैल पडते का?

पडायची. मागचा स्क्रू आवळून घेतला आहे, असं कळवलं.