फर्मींना पाहायला आलात, तरी स्टॅगबद्दल सांगते

पुण्या-मुंबईहून कुणी आलं की मी त्यांना शिकागो विद्यापीठात हेन्री मूर यांचं कांस्यशिल्प दाखवायला नेते. 2 डिसेंबर 1942 रोजी भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथेच, अणुभट्टीत, पहिली मानवनिर्मित नियंत्रित आण्विक साखळी अभिक्रिया घडवली. मी मात्र पाच मिनिटांत स्टॅग या अमेरिकन फुटबॉलच्या कोचवर येते. मग ठरलेला प्रश्न येतो: "अहो, इथे फर्मी असताना तुम्ही त्या फुटबॉल कोचचं काय घेऊन बसता?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ती अणुभट्टी रचली गेली ती स्टॅग फील्ड या मैदानाच्या पश्चिमेकडच्या प्रेक्षक-गॅलरीखाली. विद्यापीठाने 1939 मध्ये फुटबॉलचा संघच बंद केला होता, त्यामुळे ती जागा ओस पडली होती. ज्यांचं नाव त्या मैदानाला होतं, ते एमॉस अलोन्झो स्टॅग.

त्यांचा जन्म 1862 चा, न्यू जर्सीतला. येल विद्यापीठात ते धर्मोपदेशक व्हायला शिकत होते. पण व्यासपीठावरून बोलणं आपल्याला जमत नाही, हे त्यांनी ओळखलं. मुलं घडवायचीच आहेत, तर मैदानावर घडवू, असं त्यांनी ठरवलं. मला त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय हाच वाटतो. 1892 मध्ये नव्यानेच सुरू होत असलेल्या शिकागो विद्यापीठाने त्यांना बोलावलं ते प्राध्यापकाच्या दर्जाने. खेळ शिकवणाऱ्याला वर्गात शिकवणाऱ्यांच्या पंक्तीत बसवणं त्या काळी नवलाचंच होतं. (त्याच वर्षी, ते आधी जिथे शिकवत त्या स्प्रिंगफील्डला, बास्केटबॉलचा पहिला जाहीर सामना झाला. शिक्षकांचा संघ 5-1 ने हरला. तो एकमेव गुण स्टॅग यांचा!)

शिकागोत ते चाळीस वर्षं राहिले. 1905 मध्ये त्यांच्या संघाने मिशिगन विद्यापीठाच्या संघाला 2-0 असं हरवलं. त्यांच्या पत्नी स्टेला सामने पाहून खेळींची टिपणं काढून देत, हे मला फार आवडतं.

सत्तरी आली, तेव्हा विद्यापीठाने नियमाप्रमाणे त्यांना निवृत्त केलं. ते घरी बसले नाहीत. कॅलिफोर्नियात स्टॉकटन इथल्या छोट्याशा कॉलेज ऑफ द पॅसिफिकमध्ये त्यांनी नव्याने सुरुवात केली आणि 1943 मध्ये, एक्याऐंशीव्या वर्षी, त्यांची वर्षातले सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून निवड झाली. तिथलंही काम सुटलं, तेव्हा ते पेनसिल्व्हेनियात आपल्या मुलाच्या जोडीने शिकवू लागले. पुढे स्टॉकटनला परतल्यावर, नव्वदी ओलांडलेली असताना, ते तिथल्या ज्युनिअर कॉलेजातल्या पोरांना चेंडू लाथाडायला शिकवत.

माझे वडील शाळेत पी.टी.चे शिक्षक होते. अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावरही ते रोज संध्याकाळी मैदानावर जायचे, आणि लोक त्यांना विचारायचे, "सर, आता कशाला?" तेव्हा मला स्टॅग माहीत नव्हते, नाहीतर वडिलांना नक्की सांगितलं असतं.

1965 मध्ये, एकशे दोन वर्षांचे असताना, स्टॅग गेले, तेही स्टॉकटनलाच. शिकागोतल्या त्या जुन्या मैदानाच्या जागी आता मोठं ग्रंथालय उभं आहे. चला, तेही दाखवते.